वालेन्सियाला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनची सहल म्हटली की माद्रिद आणि बार्सेलोना ठरलेलंच असतं. वालेन्सियाचं नाव बहुतेकांच्या यादीत शेवटी येतं आणि दिवस कमी पडले की तेच आधी कापलं जातं. तसं होऊ नये, म्हणून हे पान. भूमध्य सागरावरचं हे शहर पाण्याने घडवलं आहे: वळवलेली नदी, शेतीचे हजार वर्षं जुने पाट, भातखाचरांनी वेढलेलं सरोवर आणि समुद्र. हे चारही पाहिलं तर शहर कळतं. फक्त पांढऱ्या आधुनिक इमारतींपुढे फोटो काढून परतलात, तर बरंच राहून जातं.

बार्सेलोना पाहणार आहोत. मग वालेन्सिया वेगळं कशाला?

लोकसंख्येने हे स्पेनमधलं तिसरं शहर, वस्ती सुमारे आठ लाख. पण फिरताना ते एवढं मोठं वाटत नाही. जुनं शहर पायी होतं, समुद्र ट्रामच्या टप्प्यात आहे आणि शहर संपतं तिथे लगेच शेती सुरू होते. भाजीची वाफे केलेली शेतं आणि संत्र्याच्या बागा सिटी बसच्या खिडकीतून दिसतात. या शेतपट्ट्याला ‘उएर्ता’ म्हणतात. गर्दी इथेही आहे, उन्हाळ्यात बरीच असते, पण बार्सेलोनात प्रत्येक ठिकाणी आधी वेळ आरक्षित करावी लागते तसं इथे सहसा होत नाही.

किती दिवस ठेवावेत?

तीन पूर्ण दिवस, आणि त्यातला एक गुरुवार असेल असं बघा. कारण पुढे येईलच. चौथा दिवस मिळाला तर तो आल्बुफेरा सरोवराला द्या. माद्रिदहून सकाळी येऊन रात्री परत जाणारे बरेच असतात. त्यांना जुनं शहर किंवा समुद्र यातलं एकच काहीतरी दिसतं.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल ते जूनचा मध्य सगळ्यात चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या वर असतो आणि हवा दमट. मुंबईकरांना त्याचं नवल नाही, पण दुपारी दोन ते सहा फिरणं नकोसं होतं. ऑगस्टमध्ये अनेक स्थानिक खाणावळी मालकांच्या सुट्टीमुळे बंद असतात. समुद्रात डुंबायचं असेल तर मात्र जुलै ते सप्टेंबरच. मे महिन्यात पाणी अजून गार लागतं. हिवाळा सौम्य असतो, दिवसा चांगलं ऊन पडतं आणि बाजारात संत्र्यांचे ढीग लागतात.

सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत हवा सुंदर असते, पण याच काळात भूमध्य किनाऱ्यावर अचानक ढगफुटीसारखा पाऊस कोसळू शकतो. तापलेल्या समुद्रावरची दमट हवा आणि वर अडकलेला थंड हवेचा पट्टा एकत्र आले की हे घडतं. हवामान खात्याने लाल इशारा दिला असेल तर त्या दिवशीचे सगळे बेत रद्द करा, तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरू नका, नाल्यांच्या आणि कोरड्या ओढ्यांच्या जवळ जाऊ नका. मोबाइलवर मोठ्या आवाजात येणारी आपत्कालीन सूचना बंद करून पुढे चालू लागू नका.

२०२४ च्या पुरानंतर शहराची अवस्था कशी आहे?

२९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात वालेन्सिया प्रांतात २२० हून अधिक माणसं गेली. पाइपोर्ता, कातारोखा, आल्फाफार अशा शहराच्या दक्षिणेकडच्या गावांवर तो घाला पडला. जुनं शहर, बागा, किनारा ही पर्यटकांची ठिकाणं वाचली आणि ती सुरू आहेत. त्या गावांत चिखलाचे फोटो काढायला म्हणून कुणी जाऊ नये. तिथल्या घराघरांत अजून दुःख आहे. विषय निघाला तर ऐकून घ्या.

शहराच्या मध्यातून नदीऐवजी बाग वाहते, हे काय प्रकरण आहे?

वालेन्सियाचं खरं प्रेक्षणीय स्थळ माझ्या मते हेच. तूरिया नदी पूर्वी जुन्या शहराला वळसा घालून समुद्राला मिळायची. १४ ऑक्टोबर १९५७ ला तिला महापूर आला, रस्त्यांवर दोन-तीन मीटर पाणी चढलं आणि किमान ८१ जणांचा जीव गेला. त्यानंतर सरकारने नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नेली. नवं रुंद पात्र खोदण्याचं काम १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. २०२४ मध्ये मध्यवर्ती शहर वाचलं ते याच नव्या पात्रामुळे; पण त्याच्या पलीकडच्या गावांना त्याचं संरक्षण नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्यात.

जुनं पात्र कोरडं पडलं तेव्हा तिथून मोटाररस्ता काढायचा बेत होता. लोक त्याविरुद्ध उभे राहिले. ‘पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवं हवं’ ही त्यांची घोषणा होती. ते जिंकले. १९८० च्या दशकात बाग लोकांसाठी खुली होऊ लागली आणि आज सुमारे नऊ किलोमीटर लांबीची हिरवी पट्टी शहरभर पसरली आहे. जुने दगडी पूल जिथल्या तिथे आहेत, फक्त त्यांच्या खालून आता सायकली जातात आणि मुलं फुटबॉल खेळतात.

सायकल भाड्याने घ्या, पश्चिमेच्या टोकाला बायोपार्कपाशी सुरुवात करा आणि समुद्राच्या दिशेने या. वाटेत गलिव्हरची आडवी पडलेली अजस्र आकृती लागते. तिच्या अंगावर घसरगुंड्या आणि जिने आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर तिथे तास-दीड तास जाणारच.

कला आणि विज्ञानाची नगरी पाहायला तिकीट घ्यावं का?

जुन्या पात्राच्या पूर्व टोकाला असलेला हा पांढऱ्या इमारतींचा समूह बाहेरून पाहायला पैसे लागत नाहीत, आणि बाहेरूनच तो सर्वांत देखणा आहे. बहुतेक रचना वालेन्सियातच जन्मलेल्या सांतियागो कालात्रावा यांची. मत्स्यालयाचं पाकळ्यांसारखं छत फेलिक्स कांदेला यांचं. डोळ्याच्या आकाराचं एमिस्फेरिक हे घुमटाकार चित्रपटगृह १९९८ मध्ये पहिल्यांदा उघडलं. सूर्यास्ताच्या सुमाराला जा. उथळ तळ्यांत इमारतींचं प्रतिबिंब पूर्ण उमटतं.

आत जायचं तर ओसेआनोग्राफिक, म्हणजे मत्स्यालय निवडा. ते युरोपातल्या सर्वांत मोठ्या मत्स्यालयांपैकी आहे आणि त्याला निदान अर्धा दिवस लागतो. तिकीट महाग आहे. मुलं नसतील आणि दिवस मोजके असतील, तर विज्ञान संग्रहालय बिनदिक्कत वगळा.

जुन्या शहरात नेमकं काय पाहावं?

सकाळी मेर्कादो सेंत्राल, म्हणजे मध्यवर्ती मंडई. १९२८ मध्ये सुरू झालेली ही इमारत लोखंड, काच आणि रंगीत फरशांची आहे, पण ती अजून पर्यटकांचं दुकान झालेली नाही. आजूबाजूचे लोक पिशव्या घेऊन भाजी घ्यायला येतात. दुपारी तीनला बंद होते, रविवारी उघडतच नाही. फळवाल्याकडच्या मालाला स्वतः हात लावू नका. काय हवं ते सांगा, तो निवडून देतो.

मंडईसमोरच लोंखा दे ला सेदा, रेशमाचा सौदागृह. बांधकाम १४८२ मध्ये सुरू झालं, १९९६ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. मुख्य दालनात दोरखंडासारखे पिळलेले उंच खांब थेट छताला भिडतात. भिंतींवर वरच्या बाजूने लॅटिन लेख कोरला आहे: व्यापारात फसवणूक करू नये, लबाडीने व्याज घेऊ नये. सौदे करताना व्यापाऱ्यांच्या डोक्यावर तो कायम असायचा.

कॅथेड्रल मशिदीच्या जागी तेराव्या शतकात बांधायला घेतलं. येशूने शेवटच्या भोजनात वापरला अशी श्रद्धा असलेला अकीकाचा प्याला इथे पंधराव्या शतकापासून आहे. मुख्य वेदीच्या वर पाहायला विसरू नका. तिथले वाद्यं वाजवणाऱ्या देवदूतांचे रंग शतकानुशतकं नंतरच्या बरोक छताखाली झाकले गेले होते आणि २००४ मध्ये दुरुस्तीच्या वेळी सापडले. शेजारच्या मिकालेत मनोऱ्याला २०७ पायऱ्या, गोल जिना आणि अरुंद वाट. गुडघेदुखी असेल त्यांनी खाली चौकात बसावं.

सान निकोलास चर्चमधली छतभर चित्रं, सेरानोस आणि क्वार्त ही जुन्या तटाची दोन दारं (क्वार्तवर १८०८ च्या फ्रेंच तोफगोळ्यांच्या खुणा आहेत) आणि नदीपलीकडचं चित्रसंग्रहालय ही पुढची पसंती. वालेन्सियाच्या किनाऱ्यावरचं ऊन ज्यांनी रंगवलं त्या खोआकिन सोरोया यांची चित्रं तिथे आहेत आणि प्रवेश मोफत आहे.

गुरुवारचा एवढा आग्रह का?

कारण दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या ‘प्रेषितांच्या दारा’समोर पाणी-न्यायालय भरतं. मध्ययुगापासून. काळे अंगरखे घातलेले आठ जण अर्धवर्तुळात बसतात. हे वकील किंवा सरकारी न्यायाधीश नव्हेत. तूरियाचं पाणी वाटून घेणाऱ्या पाटांच्या शेतकऱ्यांनी आपल्यातूनच निवडलेले हे प्रतिनिधी असतात. एकेका पाटाचं नाव पुकारलं जातं, तक्रार असेल तर तिथेच तोंडी मांडली जाते. सारं कामकाज वालेन्सियन भाषेत चालतं. बोलायची पाळी कुणाची हे अध्यक्ष पायाने खुणावून सांगतात. निकाल तिथल्या तिथे, त्यावर अपील नाही. २००९ मध्ये युनेस्कोने याची दखल घेतली.

बहुतेक गुरुवारी तक्रारच नसते आणि पाच-दहा मिनिटांत सगळे उठतात. काही प्रवासी त्यामुळे हिरमुसतात. माझ्या मते तीच या व्यवस्थेची थोरवी आहे: भांडण चौकापर्यंत येण्याआधी बांधावर मिटतं. धुळे-नाशिककडे पांझरा काठची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, बंधारा, पाट आणि पाळीने पाणी सोडणारा पाटकरी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे दृश्य परकं वाटणार नाही. पुढे जागा मिळवायची तर पावणेबारालाच पोहोचा.

समुद्रकिनारा कोणता चांगला?

शहरातला माल्वारोसा आणि त्याला लागून असलेला लास आरेनास: रुंद, सपाट, बारीक वाळूचे, ट्रामने जाता येणारे. उन्हाळ्यात गजबजलेले. उत्तरेला पाताकोना जरा शांत. आणि वाळूच्या टेकड्या, पाइनची झाडं, मागे दुकानं नाहीत असा किनारा हवा तर बस पकडून दक्षिणेला एल सालेरला जा. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही, मग समुद्र कितीही शांत दिसो.

माल्वारोसाहून परतताना काबान्याल या जुन्या कोळीवाड्यातून चालत या. घरांच्या दर्शनी भिंती रंगीत फरशांनी मढवलेल्या आहेत. शहरातला मोठा रस्ता थेट समुद्रापर्यंत नेण्यासाठी ही वस्ती मधोमध चिरायची योजना होती. १९९८ पासून रहिवासी त्याच्याशी लढले. २०१५ मध्ये महापालिकेत सत्ताबदल झाल्यावर योजना सोडून दिली गेली. काही घरं त्याआधीच पाडली गेली होती, ते रिकामे कोपरे अजून दिसतात. आता घरभाडी वाढल्याने जुने रहिवासी पुन्हा चिंतेत आहेत. इथे राहायचं असेल तर सदनिका भाड्याने घेण्यापेक्षा नोंदणीकृत हॉटेल घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आल्बुफेराला कसं जायचं आणि तिथे काय आहे?

शहराच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर गोड्या पाण्याचं मोठं उथळ सरोवर आणि त्याभोवती मैलोन्‌मैल भातखाचरं. १९८६ पासून हे संरक्षित निसर्गोद्यान आहे. शहराच्या बसने एल पाल्मार गावापर्यंत जाता येतं. बस वारंवार नसतात, परतीची शेवटची वेळ थांब्यावरच बघून ठेवा. सपाट बुडाच्या होड्या तासाभराची फेरी मारतात. सूर्यास्ताची फेरी घ्या.

भाताचं चक्र कोकणापेक्षा वेगळं आहे, कारण इथे पावसावर काही अवलंबून नाही. मेमध्ये खाचरांत पाणी सोडून पेरणी, जून ते ऑगस्ट हिरवंगार, सप्टेंबरमध्ये कापणी. हिवाळ्यात शेतं पुन्हा पाण्याखाली सोडतात आणि हजारो स्थलांतरित पक्षी उतरतात. त्यामुळे मेच्या आरंभी आलात तर पाण्याचे आरसे, जुलैत आलात तर गालिचा, ऑक्टोबरमध्ये नुसता चिखल दिसेल. गावातले मच्छीमार आजही मासेमारीच्या ठरावीक जागा दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटून घेतात.

खरी पाएया कुठे खावी?

आपण पाएला म्हणतो ती पाएया याच खाचरांत जन्मली. मूळ वालेन्सियन प्रकारात मासळी नसते: कोंबडी, ससा, चपटी हिरवी शेंग, मोठ्या पांढऱ्या पावट्यासारखी ‘गारोफो’ शेंग, टोमॅटो, केशर, ऑलिव्ह तेल, कधी गोगलगाय. कांदा घालत नाहीत. तांदूळ ‘बोम्बा’ किंवा ‘सेनिया’ जातीचा, आखूड आणि रस्सा पिऊन घेणारा. संत्र्याच्या लाकडांवर रुंद, उथळ कढईत भाताचा थर बोटभरही जाड नसतो आणि एकदा तांदूळ पसरला की ढवळायचं नाही. तळाला धरलेल्या खरपुडीला ‘सोकारात’ म्हणतात. तिच्यासाठी घरोघरी चमचे भिडतात.

काही खुणा सांगतो. पाएया दुपारी खातात, रात्री नाही. किमान दोघांसाठीच करतात आणि अर्धा-पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत आली तर ती आधीच तयार होती. दारावर पिवळ्या भाताचे चकचकीत फोटो असलेल्या जागा टाळा. एल पाल्मार आणि आसपासच्या गावांत चांगली मिळते, पण रविवारी आरक्षणाशिवाय जाऊ नका.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण बोलावं लागेल. ‘मांस नको’ एवढं सांगितलं तर मासे किंवा हॅमचे तुकडे येऊ शकतात. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन’ असं तिन्ही म्हणा. भाज्यांची पाएया बऱ्याच ठिकाणी मिळते. तिचा रस्सा भाज्यांचाच आहे का, हे आवर्जून विचारा. भाजलेली वांगी-ढोबळी मिरची, टोमॅटो चोळलेला पाव, तळलेले बटाटे, ऑलिव्ह, चीज हे सहज मिळतं. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया सगळीकडे आहे. रुसाफा भागात शाकाहारी आणि भारतीय उपाहारगृहं आहेत.

आणि ओर्चाता नक्की प्या. हे पांढरं, थंड, गोड पेय दुधाचं नाही. ‘चुफा’ नावाच्या छोट्या कंदांपासून काढतात. आपल्या नागरमोथ्याच्याच कुळातली ही वनस्पती शहराला लागून असलेल्या आल्बोरायाच्या शेतांत पिकते. बरोबर लांबट गोड पाव मिळतो, तो बुडवून खायचा. बाटलीतलं नको, ताजं प्या.

जेवणाच्या वेळा?

सकाळी दहाच्या सुमाराला भरपेट सँडविच, ज्याच्या बरोबर शेंगदाणे आणि ऑलिव्ह येतात. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. संध्याकाळी सातला स्वयंपाकघरं बंद असतात. आठवड्याच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ मागा: ठरलेल्या दरात दोन पदार्थ, पाव आणि गोड.

फायास उत्सवाच्या वेळी यावं का?

गोंगाट, धूर आणि जागरण सोसत असेल तर जरूर या. दरवर्षी १ ते १९ मार्च रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात ‘मास्क्लेता’ होते. हे आकाशातलं रंगीत आतषबाजीचं प्रदर्शन नाही. आवाजाचा ताल वाढत वाढत छातीत घुमू लागतो आणि शेवटी जमीन हादरते. १५ तारखेपर्यंत गल्लोगल्ली भव्य उपहासात्मक पुतळे उभे राहतात. शहरात साडेतीनशेहून अधिक मंडळं ते वर्षभर वर्गणी जमवून करतात. १७ आणि १८ ला रेशमी पोशाखातल्या स्त्रिया आणि मुली फुलं घेऊन मिरवणुकीने येतात आणि त्या फुलांतून मेरी मातेचं उंच वस्त्र विणलं जातं. त्यांतल्या कित्येकींच्या डोळ्यांत पाणी असतं. १९ च्या रात्री, संत जोसेफच्या दिवशी, सगळे पुतळे जाळतात. लोकांनी मतदानाने निवडलेल्या आकृत्या तेवढ्या वाचतात आणि संग्रहालयात जातात. सुतार हिवाळा संपताना जुनी लाकडं जाळत, त्यातून हे सुरू झालं असं सांगतात. २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं.

हॉटेल कित्येक महिने आधी घ्या. तान्ही मुलं, दम्याचे आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना या दिवसांत आणू नका. फटाके पहाटेपर्यंत थांबत नाहीत.

टोमॅटोचा उत्सव वालेन्सियातच असतो ना?

शहरात नाही, सुमारे ४० किलोमीटरवरच्या बुन्योल गावात, ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी. २०११ च्या एका हिंदी चित्रपटानंतर भारतीय पर्यटकांची ओढ वाढली. २०१३ पासून तिकीट लागतं. तासाभराचा खेळ, टोमॅटो हातात चेपूनच फेकायचा.

पोहोचायचं कसं, व्हिसाचं काय?

शेंगेन व्हिसा लागतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईतल्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याची सहल असेल तर भेटीची वेळ लवकर घ्या. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

माद्रिदहून अतिवेगवान रेल्वे दोन तासांच्या आत आणते, बार्सेलोनाहून तीन तासांच्या आसपास. विमानतळाहून मेट्रोच्या ३ आणि ५ क्रमांकाच्या गाड्या साधारण पंचवीस मिनिटांत मध्यवर्ती भागात पोहोचवतात. परतताना उत्तर स्थानकात डोकावा, गाडी तिथून नसली तरी. १९१७ च्या त्या इमारतीच्या भिंतींवर संत्री आणि संत्र्याचा मोहर कोरलेला आहे.

क्रूझने येतोय, हातात फक्त सहा-सात तास आहेत.

मत्स्यालय आणि आल्बुफेरा दोन्ही सोडा. बंदरातून थेट मंडई, समोरची लोंखा, कॅथेड्रल. तिथून सेरानोस दारापाशी नदीपात्रात उतरा आणि बागेतून पूर्वेकडे चालत पांढऱ्या इमारतींपर्यंत या, साधारण तास-सव्वा तास. वाटेत एक ग्लास ओर्चाता. तिथून बंदर टॅक्सीने जवळ आहे, पण जहाज सुटण्याच्या तासभर आधी निघाच.